शून्य ते दहा

साठ बंद पाकिटं होती माझ्याकडे,
प्रत्येकात एकेक चिठ्ठी: हात, किंवा यंत्र.
माणूस खुर्चीवर आडवा झाला, दाढ बधिर झाली
की रेश्मा पाकीट फाडायची
आणि त्याचं नशीब मला वाचून दाखवायची.

हात म्हणजे पोलादी फाइल, केसाहून जराशी जाड.
चिमटीत धरायची, पाव वळसा, मग ओढायची,
पुन्हा पाव वळसा. संध्याकाळी अंगठा माझाच नसायचा.
यंत्र म्हणजे निकेल-टायटॅनियमची,
वाकवली तरी न रुसणारी, मोटरवर गुणगुणत
मुळाच्या वळणात शिरणारी.

मग रात्रीचे फोन.
"शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही.
किती?"
शून्य आलं की फोन बंद, हा नियम.

फोंड्याच्या बाजारात बांगडे विकणारी शेवंती म्हणाली,
"आकडो कसलो गो बाय?
गिळताना कानात सणक जाते. तू घाल त्याचा हिशेब."
उसगावच्या ट्रकवाल्यानं विचार करून सांगितलं,
"खाण बंद पडली तेव्हा दहा. त्या मानानं हे तीन."
पोदेर रुझारियो रात्री दोनला भट्टीसमोरून बोलला:
"पाच. थांब, पाव जळतायत."
मी पाच लिहिले.

दुर्भाटचे बाबुसो च्यारी, होड्यांचे सुतार,
बसायच्या आधी म्हणाले, हत्यार दाखव.
टाकून द्यायची एक फाइल दिली.
त्यांनी ती नखावर ओढली, उजेडात धरली, चष्मा वर केला.
"हे भुसा वर काढतं, की खाली रेटतं?"

माझ्या प्रबंधाची चाळीस पानं
या प्रश्नाला वळसे घालत होती.
"थोडा खाली रेटतं," मी म्हणाले,
"मुळाच्या टोकाबाहेर गेला की आतलं हाड चिडतं.
नंतर दुखतं ते बरंचसं त्यानं."
"मग गिरमीट बरं. त्याच्या पिळातून भुसा आपणच वर येतो.
फणसाच्या फळीला नुसतं रेटत गेलं,
तर ती पाठीमागून फुटते."

रेश्मानं पाकीट फाडलं.
हात.
अर्ध्या बधिर तोंडानं हसले ते,
दुसरं अर्धं माझ्याकडे बघत राहिलं.

सहा तासांनी सहा.
चोवीस तासांनी चार.
अठ्ठेचाळीस, दोन.
बहात्तर, दोन.
प्रबंधाचे फोन इथे संपत होते. मी चौथ्या रात्रीही केला: दोन.
पाचव्या रात्री, मागे पेजेचं भांडं उतरवल्याचा आवाज,
"दोन रे दोन," जणू मीच विसरले होते.

बोलावून घेतलं. दाढेवर टकटक केली,
दाबून पाहिली, एक्स-रे उजेडासमोर धरला.
सुपारी फोडावी अशी दाढ.
"बाबुसो, खरं सांगा."
त्यांनी पुठ्ठ्याच्या कपात चूळ भरली, सावकाश थुंकले.
"मुलगी दोहाला. ती आयतवारी करते फोन.
तुझा रोज येत होता, आठला.
शून्य म्हटलं की बंद, तूच सांगितलंस ना?"

सर म्हणाले, ही नोंद वगळ.
वगळली. एकोणसाठ जणांत
पहिल्या रात्री यंत्रवाले जरा कमी कण्हले,
तिसऱ्या दिवशी दोघांचं सारखंच.
हे मी परीक्षकांसमोर ठामपणे सांगितलं,
आणि आता मोटरच वापरते, अंगठ्याचीही त्यात सोय आहे.

ढवळीकरांच्या दुकानावरून घरी जाताना
कधी आठला फोन लावते.
"किती?"
"दोन."
मग गप्पा होतात, फणसाच्या फळीच्या, काजूतेलाच्या,
जुवारीला आज पाणी किती चढलं त्याच्या,
आणि ठेवायच्या आधी तेच विचारतात,
"आज कितीजणांचा भुसा वर काढलास गो?"